डॉमिनियननं एवढी निराशा केली तरी लोक ज्युरासिकच्या नव्या भागाची एवढी वाट का बघतायत?

(हे २०२५ मध्ये, जुलैत रीबर्थ यायच्या आधी लिहिलंय.) प्रश्न वाचून हसू आलं, कारण हेच मला गेल्या आठवड्यात बायकोनं विचारलंय, फक्त तिच्या आवाजाला जरा जास्त धार होती. तुम्ही म्हणताय की २०२२ च्या ज्युरासिक वर्ल्ड डॉमिनियनला सगळ्यांनी पोटभर शिव्या घातल्या, मग आता जुलै २०२५ मध्ये नवा भाग, ज्युरासिक वर्ल्ड रीबर्थ, येतोय तर तेच लोक ट्रेलर थांबवून थांबवून का बघतायत, आणि याच्यात खरंच काही दम आहे का नुसती लहानपणची आठवण. मी त्यातलाच एक. शिव्या पण घातल्यात आणि ट्रेलर पण थांबवून बघितलाय, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजतो.

आधी १९९४ सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिला पिक्चर, ज्युरासिक पार्क, अमेरिकेत १९९३ च्या जूनमध्ये आला, आपल्याकडे हिंदीत डब होऊन पुढच्या वर्षी. इंग्लिश पिक्चर हिंदीत करून गावोगावी लावायचा आणि तो हाऊसफुल्ल चालायचा, हे तोवर कुणी फारसं बघितलेलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा, मिरजेत आजोळी, उन्हाळ्याची सुट्टी. मामा घेऊन गेला. थिएटरचं नाव घेत नाही, पंखे तीन आणि त्यातला एक बंद. आता मूळ पिक्चरला इंटरव्हल नाहीच, तो आपल्या ऑपरेटरनं स्वतःच्या बुद्धीनं टाकलेला, आणि त्या माणसानं तो कुठं टाकावा? पाऊस पडतोय, गाड्या बंद पडल्यात, ग्लासातलं पाणी थरथरतंय, पोरगी विचारते बकरी कुठं गेली, आणि गाडीच्या काचेवर धप्पकन बकरीची तंगडी पडते. लाईट लागले. इंटरव्हल.

बाहेर वड्याच्या गाडीवर अख्खं थिएटर उभं, आणि कुणी काही खात नव्हतं नीट, सगळे एकमेकांना सांगत होते आता काय होणार. एक जण म्हणाला आत्ता पोस्टरवरचा मोठा येणार. दुसरा म्हणाला दाखवणारच नाहीत, हे लोक नुसतं घाबरवतात. मामा, जो एरवी पिक्चरमध्ये झोपतो, तो घंटा व्हायच्या आधी आत जाऊन बसला. पंधरा मिनिटांचा इंटरव्हल पण मला तो अजून आठवतो, म्हणजे पिक्चरमधल्या कितीतरी सीनपेक्षा तो इंटरव्हल जास्त आठवतो, आणि माझं म्हणणं असं आहे की तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वड्याच्या गाडीवरच आहे.

कारण बघा, तो पिक्चर दोन तास सात मिनिटांचा आणि त्यात डायनोसॉर दिसतात किती वेळ? सगळे मिळून पंधराएक मिनिटं. त्यातलेही कॉम्प्युटरवर केलेले जेमतेम सहा मिनिटं, बाकी स्टॅन विन्स्टनच्या टीमनं बनवलेले खरेखुरे हलणारे पुतळे. टी-रेक्स पहिल्यांदा दिसतो तो साधारण तासाभरानं. तोपर्यंत काय? तोपर्यंत नुसती तयारी. गायीला पट्ट्यानं बांधून पिंजऱ्यात सोडतात, झाडी हलते, पट्टा तुटून वर येतो, रॅप्टर दिसतच नाहीत. मोठं कुंपण दाखवतात, बकरी बांधतात, साहेब काही येत नाहीत. ते पाण्याचं थरथरणं सुद्धा गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडून केलंय, म्हणजे पिक्चरमधला सगळ्यात भीतीदायक शॉट एका ग्लासाचा आहे आणि त्यात डायनोसॉर नाहीच. (जाता जाता, त्या पावसाच्या सीनमध्ये टी-रेक्सच्या पुतळ्याची रबरी कातडी पाणी प्यायची, जड व्हायची, मग अख्खं धूड लटलट कापायला लागायचं आणि टीम मधे मधे त्याला टॉवेलनं पुसत बसायची. मला हे कळल्यापासून टी-रेक्सबद्दल थोडी मायाच वाटते.)

म्हणजे आम्हाला वाट बघायला त्याच पिक्चरनं शिकवलं. वाट बघण्यातच मजा आहे असं ज्यांना नवव्या वर्षी पटलं, त्या लोकांना तुम्ही विचारताय वाट का बघता.

आणि वाट तरी किती बघायला लावली! १९९७ ला दुसरा, २००१ ला तिसरा, ज्यात स्पायनोसॉरसनं टी-रेक्सची मान मोडली आणि त्यावरून लोक अजून भांडतात, मी पण भांडतो, ते असो. मग चौथा येणार येणार म्हणून २००५ पासून ऐकत होतो. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन बातम्या वाचायचो. मधे एक स्क्रिप्ट फुटली तर त्यात माणूस आणि डायनोसॉर मिसळून केलेले सैनिक होते, आम्ही कपाळाला हात लावला. २००८ मध्ये स्टॅन विन्स्टन गेला आणि त्याच वर्षी मूळ कादंबरी लिहिणारा मायकेल क्रायटन पण गेला, तेव्हा मला वाटलं संपलं आता. चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये, ज्युरासिक वर्ल्ड आला आणि त्यात पार्कचा मालक कोण, तर आपला इरफान खान. इरफाननं तेव्हा सांगितलं होतं की पहिला पिक्चर आला तेव्हा त्याच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते. ते वाचून मी त्या पिक्चरला अर्धे गुण आधीच देऊन टाकले होते. धंदाही असा की जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर.

पण तिथूनच बिघडायला सुरुवात झाली असं माझं मत. त्यातच एक पात्र म्हणतं की लोकांना आता साधे डायनोसॉर बघून काही वाटत नाही, त्यांना मोठं हवं, दात जास्त हवेत. टोमणा म्हणून लिहिलं होतं ते, पण पुढच्या पिक्चरवाल्यांनी सल्ला म्हणून घेतलं. लॅबमध्ये मिसळून केलेला इंडोमिनस त्याच पिक्चरमध्ये होता, मग तसाच इंडोरॅप्टर झाला, आणि डॉमिनियनमध्ये तर डायनोसॉर जगभर मोकळे सुटलेत, गावागावात आहेत, आता बघा काय मजा येईल म्हणून बसलो तर गोष्ट कशावर? टोळधाडीवर. अहो टोळ! टोळधाड बघायला मी तिकीट काढू? २०२० साली विदर्भात खरीच आलेली, फुकट बघितली लोकांनी. पहिल्या पिक्चरमधल्या सॅम नील, लॉरा डर्न, जेफ गोल्डब्लम तिघांना परत आणलं आणि टोळांच्या मागे पळवलं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. २०१८ च्या फॉलन किंगडममध्ये ज्वालामुखी फुटतो आणि धक्क्यावर एक ब्रॅकिओसॉरस धुरात एकटा राहतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून ओरडतो, बोट निघून जाते. दिग्दर्शक बायोनानंच सांगितलंय की १९९३ मध्ये आपल्याला सगळ्यात पहिल्यांदा दिसलेला जो ब्रॅकिओसॉरस, तोच हा. मी तेहतीस वर्षांचा बाप्या थिएटरात डोळे पुसत होतो आणि शेजारचा पॉपकॉर्न खात माझ्याकडे बघत होता. एवढं होतं म्हणूनच सोडवत नाही.

आता रीबर्थमध्ये दम आहे का. मला आशा वाटायचं पहिलं कारण डेव्हिड केप. पहिल्या दोन भागांचं पटकथालेखन त्याचं, १९९७ नंतर तो या सिरीजमध्ये लिहायला पहिल्यांदा परत आलाय. आणि त्यानं क्रायटनच्या कादंबरीतला एक प्रसंग यात घेतलाय जो १९९३ मध्ये राहून गेला होता. मी ती कादंबरी अकरावीत असताना डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलेली, निम्मं जेनेटिक्स डोक्यावरून गेलं, पण तो भाग लख्ख आठवतो. गोष्टीतला शास्त्रज्ञ डॉक्टर ग्रँट आणि दोन पोरं रबरी तराफ्यात बसून नदीनं चाललीत, टी-रेक्स काठावर झोपलाय, श्वास रोखून त्याच्या समोरून जायचं, आणि मग तो चक्क पोहत मागे येतो. ट्रेलरमध्ये नदी, पिवळा तराफा आणि झोपलेला टी-रेक्स दिसला तेव्हा मी ऑफिसात होतो आणि तोंडातून आवाज निघाला. बत्तीस वर्षं लोक या एका सीनची वाट बघतायत हो, माझ्यासारखे बरेच आहेत.

दुसरं कारण दिग्दर्शक, गॅरेथ एडवर्ड्स. त्याच्या २०१४ च्या गॉडझिलावर लोकांची तक्रार काय होती आठवा, की गॉडझिला दाखवतच नाही, दरवाजा बंद होतो, टीव्हीवर बातमीत दिसतो, पाय दिसतो, शेपूट दिसते. सगळे चिडले होते. मी म्हणालो, हा माणूस आपला आहे! लपवायचं कसं हे ज्याला कळतं त्याच्या हातात आता टी-रेक्स दिलाय. वर शूटिंग फिल्मवर केलंय आणि थायलंडच्या खऱ्या जंगलात जाऊन, हिरव्या पडद्यासमोर सगळं उभं करून नाही. गोष्ट पण सुटसुटीत वाटते. डायनोसॉर आता फक्त विषुववृत्ताच्या आसपास तगलेत, हृदयरोगाच्या औषधासाठी जमिनीवरचा, पाण्यातला आणि हवेतला असे तीन सगळ्यात मोठे प्राणी शोधून त्यांचं रक्त आणायचं. टोळ नाहीत. स्कार्लेट जोहान्सन आहे, महर्शाला अली आहे.

त्या तिघांपैकी जमिनीवरचा जो आहे ना, टायटॅनोसॉरस, त्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे नाव आपल्याकडचंय. १८२८ मध्ये जबलपूरला कॅप्टन स्लीमनला, तोच तो ठगांच्या मागे लागलेला स्लीमन, काही हाडं सापडली आणि १८७७ मध्ये लायडेकर नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला टायटॅनोसॉरस इंडिकस नाव दिलं, शास्त्रीय नाव मिळालेला भारतातला पहिला डायनोसॉर. हाडं इतकी थोडी की आजचे शास्त्रज्ञ त्या नावाला फारसं मानत नाहीत, पण त्या गटाला अजून टायटॅनोसॉरच म्हणतात. आणि त्या गटातल्यांची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुऱ्याला पण निघालीत. तिथे तर त्यांचं शेण सापडतं, दगड झालेलं, आणि २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष शोधले, तोवर सगळे समजत होते की डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच. पिक्चरमधला टायटॅनोसॉरस चाबकासारख्या लांबलचक शेपटीचा आहे, ती पिक्चरवाल्यांची कल्पना, पण मी वरोऱ्याला एका लग्नाला गेलेलो तेव्हा वऱ्हाडातल्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना लग्नापेक्षा शेणात जास्त इंटरेस्ट आला.

भीती कशाची वाटते ते पण सांगतो. परत म्युटंट आहे, म्हणजे लॅबमध्ये बिघडून झालेला प्राणी. डिस्टॉर्टस रेक्स का काय ते नाव, दिग्दर्शक म्हणतो यात थोडा टी-रेक्स, थोडा स्टार वॉर्समधला रॅन्कॉर राक्षस, थोडा एलियन पिक्चरचा राक्षस काढणारा चित्रकार गीगर. माझ्या मते टी-रेक्सला असल्या मिसळीची गरज नव्हती. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी खराखुरा या पृथ्वीवर चालून गेलेला प्राणी आहे तो, पुढच्या भागाला अजून काय पाहिजे? पोरगी माझी नऊ वर्षांची आहे, तिला म्युटंट बघून भीती वाटली नाही, म्हणाली हा तर गेममधला वाटतो. टी-रेक्स काठावर झोपलेला बघून मात्र तिनं आवाज बारीक केला, टीव्हीचा नाही, स्वतःचा.

तर हो, मी पहिल्या दिवशी जाणार, तिला घेऊन, बुकिंग उघडलं की लगेच. खराब निघाला तर इथेच येऊन शिव्या घालीन आणि पुढचा आला की परत तुम्ही हाच प्रश्न विचारा. फक्त तुम्हाला जायचं असेल तर माझ्यासारखं करू नका, ट्रेलर थांबवून थांबवून बघू नका. मी त्या धुरातून येणाऱ्या म्युटंटचा ब्राइटनेस वाढवून त्याचं कपाळ, हात, सगळं बघून मोजून ठेवलंय, आणि आता थिएटरात धूर आला की अख्खं थिएटर श्वास रोखून बसेल आणि मला आधीच माहीत असणार.