वाचकांचे प्रश्न : ऑफलाइन नकाशे इतक्या उशिरा का आले?

प्रश्न : फोनला आपले ठिकाण उपग्रहांकडून कळते आणि साठवणुकीची जागाही त्यात भरपूर असते. असे असताना नेटवर्क गेले की नकाशा कोरा पडतो, हे वर्षानुवर्षे का चालत राहिले? इतकी साधी सोय द्यायला मोठ्या कंपन्यांना एवढा वेळ का लागला?

उत्तर : ही सोय आधी होती, मधल्या काळात ती दिसेनाशी झाली आणि पुष्कळ वर्षांनी परत आली. 2007 मध्ये बाजारात आलेल्या नोकिया एन95 या फोनमध्ये जीपीएस होते आणि नकाशे मेमरी कार्डावर ठेवता येत होते. त्याच वर्षी नोकियाने नॅव्हटेक ही नकाशांची कंपनी सुमारे 8.1 अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2010 मध्ये, तोवर पैसे मोजून मिळणारे मार्गदर्शन ग्राहकांना मोफत दिले. त्यामुळे आजच्या तुलनेत दुबळ्या फोनवरही नेटवर्कविना रस्ता दाखवता येत होता, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

नोकियाच्या दृष्टीने नकाशा ही ग्राहकाच्या हाती द्यायची वस्तू होती, तर गूगलचा नकाशा 2005 मध्ये संगणकाच्या ब्राउझरमध्ये जन्माला आला आणि तेथे जोडणी गृहीतच धरलेली होती. तो नकाशा लहान लहान चौकोनी चित्रांचा बनलेला असे. सर्वांत लांबून पाहिल्यास सारे जग एका चौकोनात मावते, पण एकेक पायरी जवळ जावे तसे चौकोन चौपट होत जातात. दहाव्या पायरीवर त्यांची संख्या 10,48,576 होते आणि गल्लीबोळ नीट दिसू लागतात त्या सोळाव्या पायरीवर ती 429 कोटींच्या पुढे जाते. एका शहरापुरतीच चित्रे साठवायची म्हटली तरी फोनची जागा भराभर संपावी, असा हा हिशेब होता. डिसेंबर 2010 मध्ये गूगलने अँड्रॉइडवर चित्रांऐवजी रेषा आणि बिंदूंची माहिती पाठवून नकाशा फोनवरच रेखाटण्याची पद्धत आणली, तेव्हा ही अडचण बऱ्याच अंशी सुटली.

पुढचा टप्पा मात्र रेंगाळला. 2012 मध्ये निवडलेला भाग अँड्रॉइड फोनवर साठवता येऊ लागला, पण तो केवळ पाहण्यापुरता. नेटवर्कविना ठिकाण शोधणे आणि वळणावळणाने रस्ता विचारणे नोव्हेंबर 2015 मध्ये शक्य झाले आणि आयफोनवर ते त्यानंतरच्या महिन्यात आले. या विलंबाला तांत्रिक कारण नव्हते असे नाही. मार्ग काढायचा तर कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला मिळतो, कोठे एकेरी वाहतूक आहे, कोठे वळण घेता येत नाही ही सारी माहिती फोनमध्ये असावी लागते आणि नावांची सूचीही सोबत ठेवावी लागते. शिवाय नकाशाची माहिती अनेकदा दुसऱ्याच्या मालकीची असते आणि ती दाखवण्याचा परवाना असला म्हणून साठवू देण्याचा असतोच असे नाही. काही प्रदेशांचे नकाशे गूगलवरून आजही उतरवून घेता येत नाहीत, त्यामागे अशा करारांचाही भाग आहे.

तरीही माझ्या मते मुख्य कारण व्यवहाराचे आहे. दुकानांचा शोध, जाहिराती आणि रस्त्यांवरील गर्दीची ताजी माहिती हे सारे जोडलेल्या फोनवर चालते, आणि फोन जोडलेला नसला की तो त्या कंपनीच्या दृष्टीने जवळजवळ मुका होतो. अशा फोनसाठी मेहनत घेण्याची घाई कोणाला असणार?

ॲपलचे उदाहरण याहून बोलके आहे. सप्टेंबर 2012 मध्ये त्या कंपनीने स्वतःचा नकाशा आणला, त्यातील चुकांबद्दल कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना त्याच महिन्यात जाहीर माफी मागावी लागली, आणि नंतरची काही वर्षे माहिती सुधारण्यात गेली हे समजण्यासारखे आहे. परंतु तो नकाशा पहिल्या दिवसापासून रेषा-बिंदूंच्या पद्धतीचा होता, आणि तरीही हवा तो भाग उतरवून ठेवण्याची सोय आयओएस 17 सोबत सप्टेंबर 2023 मध्ये आली. ज्याला गरज होती तो दुसरे ॲप घेत होता, फोन मात्र तोच वापरत होता. उणीव राहूनही ग्राहक हातचा जात नसेल तर ती कामांच्या यादीत तळाशीच राहते.

प्रश्न : कॉपी-पेस्टसारख्या सोयींच्या उशिरालाही हेच कारण लागू पडते का?

उत्तर : पूर्णपणे नाही. 2007 च्या आयफोनला कॉपी-पेस्ट जून 2009 मध्ये मिळाले. बोटाने पडदा सरकवायचा की मजकूर निवडायचा, हे फोनला अचूक कळावे यासाठी नवी पद्धत घडवावी लागली, म्हणून त्या दोन वर्षांना मी दोष देणार नाही. 2010 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन 7 या फोन-प्रणालीमध्येही ही सोय नव्हती आणि ती मार्च 2011 मध्ये देण्यात आली. तोवर उत्तर सर्वांसमोर असल्यामुळे ती सबब मायक्रोसॉफ्टला लागू होत नाही. आयपॅडवर ॲपलचा स्वतःचा कॅल्क्युलेटर यायला 2010 पासून 2024 उजाडले, त्याचे समर्थन कसे करावे हे मात्र मला सुचत नाही.

प्रश्न : मोबाइल डेटा बंद असताना जीपीएस खरोखर चालते का?

उत्तर : चालते, कारण फोन उपग्रहांचे संकेत केवळ ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. फरक पडतो तो सुरुवातीच्या वेळेत. उपग्रहाचा संदेश सेकंदाला अवघ्या 50 बिट या वेगाने येतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील 30 सेकंदांच्या चक्रात मिळतो, तर सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पुरे व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. नेटवर्क असताना ही माहिती तेथून क्षणात उचलली जाते. ते नसेल तर मोकळ्या आकाशाखाली थोडा धीर धरावा.

नकाशा वाय-फायवर आधीच उतरवून घ्यावा आणि निघण्यापूर्वी डेटा बंद करून एखादा मार्ग काढून पाहावा. गूगलच्या ऑफलाइन नकाशात वाहनाचा मार्ग मिळतो, पण पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहतुकीने जाण्याचा मिळत नाही. पायी भटकणाऱ्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारे ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स यांपैकी एखादे ॲप सोबत ठेवावे; नेटवर्कविना चालणे हाच त्यांचा मूळ हेतू आहे.