पिशवी काढली, पाळी गेली, मग वजनाचा काटा का अडलाय?

"मॅडम, पिशवी काढल्यावर बाईचं वजन उतरतच नाही म्हणतात, खरंय का?" मी आहाराचा सल्ला देते, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा चाळीस-पंचेचाळीसची असते, आणि तिला हे शेजारणीने नाहीतर नणंदेने छातीठोकपणे सांगितलेलं असतं. उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून एका बाईंची गोष्टच सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

वय 44, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही बाईच म्हणायला लागले. पिशवीला गाठी होत्या, अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन 7 वर आलेलं, शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन करून घेतलं. नंतरचे दीड-दोन महिने घरच्यांनी काही करू दिलं नाही, वर डिंकाचे लाडू, "पोटात पोकळी झालीय, वात भरेल" म्हणून साजूक तूप. जुलैत वजन 79 होतं. मग बाईंनी मनावर घेतलं, पहाटे चालणं, रात्रीचा भात बंद, चहातली साखर निम्मी, दसऱ्यापर्यंत 74 वर आल्या. आणि तिथेच काटा अडला. दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या तेव्हा डोळ्यात पाणीच होतं, "आता हार्मोन्सच संपले मॅडम, माझं काय उतरणार".

इथे माझी चूक झाली ती आधी सांगून टाकते. मी त्यांचा आहार बघितला, चालणं विचारलं, थायरॉईड नॉर्मल होता तो बघितला, आणि म्हणलं संध्याकाळचं खाणं अजून थोडं कमी करून बघू. दहा-बारा दिवसांत बाईंना शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. काटा? 200 ग्रॅम वर! तेव्हा कुठे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, बाई, ओव्हरी, म्हणजे बीजकोश, ठेवल्यात की काढल्यात?

त्यांना माहीतच नव्हतं. आणि यात त्या एकट्या नाहीत, आपल्याकडे "पिशवी काढली" या दोन शब्दांत सगळं येतं, नेमकं काय काढलं हे पेशंटला कोणी नीट बसवून सांगत नाही. पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्ड घेऊन आल्या, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. पिशवी आणि नळ्या काढलेल्या, दोन्ही ओव्हरी जागेवर.

म्हणजे हार्मोन्स संपलेले नव्हतेच. पिशवी म्हणजे रक्तस्राव होतो ती जागा, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार होतात ते ओव्हरीत. ओव्हरी आहेत तर बहुतेक बायकांत महिन्याचं चक्र आधीसारखं चालू राहतं, बीज सुटतं, त्यानंतरच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढतं, छाती (म्हणजे स्तन) दुखते, पोट साफ होत नाही, भूक खवळते, अंगात पाणी धरतं, आणि पाळी आली असती त्या सुमाराला सूज सगळ्यात जास्त असून तीन-चार दिवसांत उतरते. फक्त रक्त दिसत नाही, म्हणून काय चाललंय ते कळायला काही खूण उरत नाही. (ओव्हरी ठेवल्या तरी काहींचा मेनोपॉज, म्हणजे ओव्हरींचं काम थांबणं, थोडा लवकर येतो हेही खरं, पण त्याची लक्षणं वेगळी, गरम वाफा, रात्री घाम. ती बाईंना नव्हती. असती तर डॉक्टरांकडे पाठवलं असतं.)

बाई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच रडत नव्हते". झालं असं होतं की महिन्यातले चार-पाच दिवस त्यांना कशावरूनही रडू यायचं, मुलांवर हात उगारावासा वाटायचा, आणि मिस्टर म्हणायचे आता पाळी नाही तर चिडचिड कसली. आधी निदान चौथ्या-पाचव्या दिवशी पाळी यायची आणि घरात सगळ्यांना कळायचं, हां, म्हणून होतं तर. आता ते "म्हणून" गेलं होतं. सासूबाई मात्र खूश, कावळा शिवायची भानगड संपली, गौरी-गणपतीत पाळी लांबवायच्या गोळ्या नकोत, सून बारा महिने देवघरात. बाईंनाही त्याचं सुख होतंच, ते मी नाकारत नाही. पण त्या सुखात या रडण्याला कुठे जागाच नव्हती. वजनाचं बोलायला आलेल्या बाई त्या दिवशी पाऊण तास हेच बोलल्या आणि मी काही लिहूनही घेतलं नाही.

मग आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय कामाला लावलं, दुधाचा हिशोब असतो ना त्याच चौकटीत. छाती दुखली तर एक टिंब, पोट साफ नाही तर फुली, आणि बांगड्या घट्ट झाल्या तर गोल. बांगड्यांची कल्पना त्यांचीच, काचेची बांगडी मनगटावरून सहज फिरते की अडकते हे त्यांना काट्याच्या आधी कळायचं. वजन दर सोमवारी सकाळी, उपाशीपोटी.

आठ सोमवारचे आकडे असे आले: 74.1, 73.6, 73.5, 74.8, 73.9, 73.3, 73.2, 74.6. ओळीने वाचलं तर कोणीही म्हणेल जैसे थे, उलट वाढलंय. पण टिंबं आणि गोल चौथ्या आणि आठव्या सोमवारच्या आसपास गोळा झाले होते, म्हणजे बरोबर चार आठवडे. मी म्हणलं बाई, या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी करायचीच नाही, चार आठवड्यांपूर्वीच्या सोमवारशी करायची. सहामाहीची तुलना सहामाहीशी करतो, चाचणी परीक्षेशी करत नाही, तसंच. हे त्यांना लगेच पटलं. तशी केली तर 73.5 चे 73.2, आणि 74.8 चे 74.6.

आता खरं बोलायचं तर महिन्याला 200-300 ग्रॅम म्हणजे फार नाही. सगळं पाण्यावर ढकलून मोकळं होणं हाही एक फसवा दिलासा आहे आणि मला तो द्यायचा नव्हता. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, रोज 200 कॅलरी कमी घेतल्या तर चार आठवड्यांत पाऊण किलो उतरायला पाहिजे. ते का उतरत नव्हतं? एक तर 79 किलोचं शरीर चालवायला जेवढं लागतं तेवढं 74 च्या शरीराला लागत नाही, म्हणजे जुलैतला हिशोब आता पुरत नव्हता. दुसरं म्हणजे पहाटे अंधार आणि थंडी म्हणून चालणं आठवड्यातून दोनदावर आलेलं, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत कबूल केलं. आणि तिसरं उपवास, सोमवार, गुरुवार, संकष्टी, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याचं कूट आणि तूप घालून, वर वेफर्स. साध्या वरण-पोळीच्या दिवसापेक्षा उपवासाच्या दिवशी जास्त पोटात जात होतं.

उपवास सोडा असं मी म्हणत नाही, कोणी ऐकतही नाही. गुरुवार ठेवला, खिचडीच्या जागी भगर आणि दाण्याची पातळ आमटी, सोबत ताक. रात्रीचं जेवण उलट वाढवलं, मोड आलेली मटकी नाहीतर पिठलं, दोन अंडी शाळेतून आल्यावर, म्हणजे खारी-बिस्किटाकडे हात जात नाही. चालणं संध्याकाळी हलवलं. डॉक्टरांनी उचलायची परवानगी दिलेली होतीच, तर घरातल्याच पाण्याच्या बाटल्या घेऊन आठवड्यातून तीनदा हातापायाचे व्यायाम. बांगड्या घट्ट व्हायच्या आठवड्यात लोणचं-पापड बाजूला, आणि त्या आठवड्यात काट्यावर उभंच राहायचं नाही. पुढच्या दोन चक्रांत खालचा आकडा 72.5 आणि मग 71.9.

पण एकदम तीन-चार किलो वाढले, पायावर सूज उतरत नाही किंवा धाप लागते, तर ते चक्राचं पाणी समजून घरी बसू नका. आणि ज्यांचं गर्भाशयाचं तोंड ठेवलंय त्यांना महिन्याला थोडासा डाग दिसू शकतो, तो डॉक्टरांना सांगायचाच, आणि पॅप स्मियर, म्हणजे त्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, तीही चालू ठेवायची, पिशवी गेली म्हणून ती सुटत नाही.

मार्चमध्ये बाई त्यांच्या वहिनीला घेऊन आल्या, "हिलाही कालनिर्णय शिकवा". वय 41, तेच ऑपरेशन, तीच तक्रार. मी आधी कार्ड मागितलं. त्यावर बीएसओ लिहिलेलं, म्हणजे दोन्ही ओव्हरी काढलेल्या. वहिनी म्हणाल्या रात्री पंखा फुल करूनही घामाने गाऊन ओला होतो, झोप नाही, पण घरात सगळे म्हणतात उन्हाळा आहे. त्यांना कालनिर्णय नाही शिकवलं. एकेचाळिसाव्या वर्षी एका दिवसात मेनोपॉज आलेला, हाडांचा प्रश्न आहे, हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का तो प्रश्न आहे, आणि यातलं एकही उत्तर माझ्याकडे नाही, त्यांच्या गायनॅककडे आहे. चिठ्ठी लिहून दिली. बाई जाताना म्हणाल्या, "मग वजनाचं?" म्हणलं, आधी ही झोपू दे, मग बघू.