वडिलांच्या (वय ७४) नऊ गोळ्या चालू आहेत. नागपुरात नर्सकडून औषधं तपासून घेण्यात अर्थ आहे का?

हो, जरूर घ्या. फक्त यादी नेऊ नका, घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, मलमं पिशवीत भरून न्या. मी धंतोलीत ओपीडीला नर्स आहे. आम्हाला नेहमी सापडतं ते एकच औषध दोन नावांनी: हृदयाच्या डॉक्टरांनी टेल्मा-एएम दिलेली असते आणि फॅमिली डॉक्टरांची जुनी अ‍ॅम्लाँगही चालूच असते. दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध. मग पाय सुजतात, आणि त्या सुजेसाठी आणखी एक गोळी सुरू होते! दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा नाव किंवा एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते, म्हणून शक्यतो अख्खी पट्टी मागा.

डॉक्टरांसमोर आजोबा "सगळं वेळेवर घेतो" म्हणतात. सिस्टरला मात्र हळूच सांगतात की बाहेर जायचं असलं की लघवीची गोळी टाळतो, गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घेतो. (बीपी आणि किडनी, दोन्हींना ती वाईट.) मुलगा-सून शेजारी बसले की यातलं काही बाहेर येत नाही, तेव्हा तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा. आपल्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होऊन बीपी उतरतं; बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.

एक लक्षात ठेवा, गोळी बंद करायचा अधिकार नर्सला नाही. ती नोंद करून डॉक्टरांना कळवते. तोवर स्वतःहून काही थांबवू नका, रक्त पातळ करणारी आणि फिटची औषधं तर मुळीच नाही.