पायाच्या मोडलेल्या हाडांना तारा टाकाव्यात की टायटॅनियमच्या प्लेटा?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: वडील ५८ वर्षांचे, शुगर आहे. रावेरकडे केळीचा माल भरताना ट्रॉलीचा फाळका पावलावर पडला आणि दुसरं, तिसरं, चौथं मेटाटार्सल, म्हणजे बोटांमागची लांब हाडं, मोडून सरकली. एक डॉक्टर तारा टाकू म्हणतात, दुसरे टायटॅनियमच्या प्लेटा. भाऊ, या दोन्ही पद्धती रूढ आहेत. धातूचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी मोड नेमकी कुठे आहे, तुकडे किती आहेत आणि हाडाचं बोटाकडचं टोक खाली किंवा वर किती वाकलंय ते बघा.

हाड आडवं थोडं सरकलं तर पाऊल सहसा निभावून नेतं, वर-खाली वाकलेलं मात्र चालत नाही. टोक तळव्याकडे दबलं तर चवड्याखाली तिथेच सगळं वजन येतं आणि घट्टा पडतो. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर त्याच घट्ट्याची पुढे जखम होते. टोक वर उचललं गेलं तर वजन शेजारच्या हाडावर जातं आणि दुखणं तिकडे सरकतं. म्हणून ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणं किंवा १० अंशांपेक्षा जास्त वर-खाली वाकणं दिसलं की ऑपरेशनचा विचार होतो. त्याहून कमी असेल तर कडक तळाच्या बुटावर भागतं. एक्स-रे बाजूनेही काढलाय ना, हे विचारा. फक्त वरून काढलेल्या फोटोत हे वाकणं कळत नाही.

तार म्हणजे के-वायर, या हाडांना साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. ती बहुतेक वेळा मोठी चीर न घेता हाडाच्या पोकळीतून घालतात. टोक बाहेर ठेवलेलं असलं तर ४ ते ६ आठवड्यांनी ओपीडीतच, भूल न देता, ओढून काढतात. खर्च कमी आणि आत काही राहत नाही. दोन तुकड्यांची सरळ मोड असेल तर माझी पसंती तारेलाच. तिच्या मर्यादाही आहेत. हाडाचा भुगा झाला असेल तर तार लांबी टिकवत नाही आणि तुकडा तिच्याभोवती फिरू शकतो. बोटाच्या सांध्यातून घातली असेल तर बोट काही काळ आखडतं. बाहेरच्या टोकाशी पू होतो, कारण तिथून ओल आणि घाण आत जाते. म्हणून तार निघेपर्यंत केळीच्या बागेतला चिखल आणि गोठा दोन्ही बंद. पट्टी कोरडी हवी. उन्हाळ्यात पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, घामानेही तेच होतं.

प्लेट २.४ किंवा २.७ मिलिमीटर स्क्रूची असते आणि मोडीच्या दोन्ही बाजूंना शक्यतो तीन-तीन स्क्रू लागतात. तुकडे जास्त असतील, हाड ठिसूळ असेल किंवा तार धरत नसेल तिथे ती उजवी ठरते. ठिसूळ हाडात लॉकिंग प्लेट घ्यावी. तिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं, त्यामुळे सगळी भिस्त हाडातल्या पकडीवर राहत नाही. पण पावलाच्या वरची कातडी पातळ असते आणि तीच चिरावी लागते. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात, म्हणजे बहुधा ७ ते १४ दिवस. तोवर पाय उंचावर ठेवा. मालीश, लेप, घट्ट पट्टी काहीही नको.

वडिलांच्या बाबतीत खरी लढाई शुगरशी आहे. तारेत टोकाच्या जखमेची भीती, प्लेटमध्ये चीर न भरण्याची. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ च्या पुढे असेल तर दोन्ही भीती वाढतात. तो आकडा आठवड्याभरात उतरत नाही, पण इन्सुलिनने रोजची साखर आटोक्यात आणता येते. विडी-तंबाखू असेल तर आजच बंद. तळव्याची जाणीव १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तळव्याला टोचून बघायच्या नायलॉनच्या धाग्याने, तपासून घ्या. जाणीव गेलेला माणूस दुखत नाही म्हणून पाय टेकतो, आणि तारा मोडतात, स्क्रू निघतात.

आणखी एक गोष्ट नक्की तपासा. तळव्यावर काळंनिळं पडलंय का? मोडी हाडांच्या बुडाशी, पावलाच्या मधल्या सांध्याजवळ तर नाहीत ना? असतील तर ही लिसफ्रँकची, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांची आणि त्यांच्या बंधांची, इजा असू शकते. वजन टाकून दोन्ही पावलांचे एक्स-रे, ते जमत नसेल तर सीटी काढा. पहिल्या आणि दुसऱ्या हाडाच्या बुडातलं अंतर २ मिलिमीटरहून जास्त वाढलेलं असेल तर आतल्या तीन सांध्यांना तारा पुरत नाहीत. तिथे ३.५ मिलिमीटरच्या आसपासचे स्क्रू किंवा सांधा ओलांडणारी प्लेट लागते. प्लेटचा फायदा असा की सांध्याची कूर्चा भोकं पडण्यापासून वाचते. चौथ्या-पाचव्या सांध्याला मात्र तारच, कारण तो चालताना हलायला हवा. साधारण ६ आठवड्यांनी ती काढतात.

आता टायटॅनियम. टायटॅनियमने ही हाडं लवकर जुळतात, असं समजून जादा पैसे देऊ नका. त्याचा मिश्रधातू ३१६एल स्टीलच्या (इम्प्लांटसाठी वापरतात ते स्टेनलेस स्टील) जवळपास निम्मा ताठ असतो, पण एवढ्या छोट्या हाडांना दोन्ही पुरतात. निकेलची ॲलर्जी असेल किंवा त्या पायाचा एमआरआय पुढे लागणार असेल, तर टायटॅनियम घ्या. चित्र कमी बिघडतं. काढायची वेळ आली तर टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू कधीकधी प्लेटमध्ये अडकून बसतात, हेही लक्षात असू द्या.

महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर (कंपनी, माप, बॅच नंबर) डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढे दुसऱ्या गावी स्क्रू काढायचा झाला, तर कोणत्या खाचेचा स्क्रूड्रायव्हर मागवायचा हे सर्जनला त्यावरूनच शोधता येतं.