टर्मिनल पासवर्ड विचारते तेव्हा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन पासवर्ड मागते, पण मी टाइप करू लागलो की अक्षरे तर नाहीतच, ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असेल का?

उत्तर : कीबोर्ड ठीक आहे. दाबलेले अक्षर पडद्यावर उमटवण्याच्या क्रियेला ‘एको’ म्हणतात. पासवर्ड विचारताना प्रोग्राम हा एको मुद्दाम बंद करतो आणि उत्तर मिळाले की पुन्हा चालू करतो. ठिपके दाखवले, तर शेजारच्याला निदान पासवर्डची लांबी कळते, म्हणून तेही टाळले जातात. आपण निःशंकपणे टाइप करून एंटर दाबावे. क्वचित एखादा प्रोग्राम मध्येच बंद पडतो, एको बंदच राहतो आणि पुढच्या कमांडही दिसेनाशा होतात. अशा वेळी न दिसताही ‘एसटीटीवाय सेन’ ही कमांड टाइप केली की टर्मिनल पूर्ववत होते.

प्रश्न : गिटहब या गिटचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर माझा पासवर्ड चालतो, पण पुश करताना (कोड तिकडे पाठवताना) तोच पासवर्ड नाकारला जातो. असे का?

उत्तर : १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे. त्याऐवजी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन’ तयार करून ते पासवर्डच्या जागी द्यावे लागते. गोंधळ होतो तो प्रॉम्प्टच्या, म्हणजे टर्मिनलवर उमटणाऱ्या प्रश्नाच्या, शब्दांमुळे. सर्व्हर त्या रकान्यात काय स्वीकारणार आहे, हे गिटला ठाऊक नसते, त्यामुळे ते पूर्वीप्रमाणे ‘पासवर्ड’ असेच विचारत राहते. टोकनला मुदत घालता येते, त्याचे अधिकार मर्यादित ठेवता येतात आणि ते हरवले तर खात्याचा पासवर्ड न बदलता रद्द करता येते, म्हणून हा बदल मला योग्य वाटतो.

टोकन दर वेळी चिकटवण्याचा कंटाळा येतो, हे खरे आहे. त्यासाठी गिटमध्ये लॉग इनची माहिती सांभाळणाऱ्या ‘क्रेडेन्शिअल हेल्पर’ची सोय आहे. त्यातला ‘कॅश’ हा हेल्पर माहिती फक्त मेमरीत आणि मुळात ९०० सेकंदच, म्हणजे पाव तास, ठेवतो. ‘स्टोअर’ मात्र ती होम फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये साध्या मजकुरात लिहून ठेवतो, आणि म्हणून तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मॅकवर कीचेन आणि विंडोजवर गिट क्रेडेन्शिअल मॅनेजर हे पर्याय अधिक सुरक्षित आहेत.

प्रश्न : रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) गिट पुल चालवायचे, म्हणजे नवा कोड खाली आणायचा आहे. स्क्रिप्टमध्ये मजकूर छापणाऱ्या ‘एको’ नावाच्या कमांडने पासवर्ड पाइप केला (तिचे आउटपुट गिटकडे वळवले), तरी गिट तो घेत नाही. हाताने चालवल्यास टर्मिनलवर प्रश्न विचारते, आणि क्रॉनमध्ये युजरनेम वाचता आले नाही असे सांगून थांबते.

उत्तर : पाइपमधून येणारा मजकूर प्रोग्रामच्या स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे माहिती आत येण्याच्या नेहमीच्या वाटेला, मिळतो. गिट मात्र युजरनेम आणि पासवर्ड विचारण्यासाठी तिकडे पाहतच नाही, तर थेट टर्मिनल उघडते. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारे एसएसएचसुद्धा असेच वागते. स्टँडर्ड इनपुटमधून दुसरीच माहिती वाहत असू शकते आणि तिचा एखादा तुकडा चुकून पासवर्ड समजला जाऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. क्रॉनच्या कामाला टर्मिनलच जोडलेले नसते, त्यामुळे तिथे प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

यावर काही जण एक्सपेक्टसारखे साधन वापरून माणूस बसला असल्याचे सोंग उभे करतात. तसे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण प्रॉम्प्टचा एखादा शब्द बदलला तरी ते मोडते आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा पडतो तो वेगळाच. प्रॉम्प्ट हा माणसाला विचारलेला प्रश्न आहे. जिथे माणूस नाही, तिथे त्या यंत्राला त्याची स्वतःची ओळख द्यावी. गिटहबवर यासाठी ‘डिप्लॉय की’ आहे : ही एसएसएच की एकाच रिपॉझिटरीपुरती (कोडच्या संग्रहापुरती) असते आणि मुद्दाम परवानगी दिली नाही, तर तिने फक्त वाचता येते. आपल्याला पुलच करायचे असल्याने एवढे पुरेसे आहे. एसएसएचऐवजी एचटीटीपीएसच वापरायचे असेल, तर ‘गिट टर्मिनल प्रॉम्प्ट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शब्द अंडरस्कोअरने जोडून) शून्य ठेवावे, म्हणजे टर्मिनल उपलब्ध असले तरी गिट त्यावर उत्तराची वाट पाहत बसत नाही, लगेच चूक कळवते.

प्रश्न : मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कमांडमध्येच पासवर्ड लिहिला तर काय बिघडते? आणि ‘पी’ पर्यायानंतर जागा सोडून पासवर्ड लिहिला, तरी तो पुन्हा का विचारला जातो?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : जागा सोडली की पुढचा शब्द डेटाबेसचे नाव मानला जातो. पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्टरी फाइलमध्ये उरतो. शिवाय लिनक्सवर चालू प्रोसेसची पूर्ण कमांड त्याच मशीनवरच्या इतर वापरकर्त्यांनाही चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडने सहसा दिसते. मायएसक्यूएलचा क्लायंट सुरू होताच तो मजकूर पुसतो, पण त्याआधीचा क्षण उघडाच असतो. हाताने काम करताना ‘पी’ एवढेच लिहून पासवर्ड विचारू द्यावा, आणि स्क्रिप्टसाठी केवळ स्वतःला वाचता येईल अशी, ६०० परवानगीची, ऑप्शन फाइल ठेवून पासवर्ड तिच्यात लिहावा. वेबवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या साधनामध्येही ‘यू’ पर्यायापुढे फक्त युजरनेम दिले, तर पासवर्ड प्रॉम्प्टवर विचारला जातो.

प्रश्न : मी पायथॉनमध्ये छोटा कमांड-लाइन क्लायंट लिहीत आहे. लॉग इन कसे विचारावे?

उत्तर : युजरनेमसाठी नेहमीचे इनपुट फंक्शन चालेल, पण पासवर्डसाठी ‘गेटपास’ हे मॉड्यूलच वापरावे, ते एको सांभाळते आणि युनिक्सवर टर्मिनल थेट उघडते. टर्मिनल नसेल, तर ते इशारा देऊन स्टँडर्ड इनपुटमधून वाचू लागते, म्हणून ती तपासणी आपण आधीच करावी. युजरनेमचा प्रॉम्प्ट स्टँडर्ड एररवर (चुका कळवण्याच्या वेगळ्या वाटेवर) लिहावा, म्हणजे कोणी आउटपुट फाइलमध्ये वळवले, तरी प्रश्न त्यात मिसळणार नाही. पासवर्ड घेणारा कमांड-लाइन पर्याय देऊच नये, कारण दिला की लोक तो वापरतात. त्याऐवजी डॉकरच्या लॉग इन कमांडप्रमाणे स्टँडर्ड इनपुटमधून पासवर्ड घेण्याचा वेगळा, स्पष्ट नावाचा पर्याय ठेवावा. टर्मिनलही नाही आणि तो पर्यायही दिलेला नाही, अशा वेळी क्लायंटने काय हवे होते ते एका वाक्यात सांगून शून्येतर एक्झिट कोडसह, म्हणजे काम फसल्याची खूण देऊन, थांबावे.