वानर, माकड आणि मंग

प्रिय बाळा,

तुझा प्रश्न मिळाला. आजी परसातल्या काळ्या तोंडाच्याला ‘वानर’ म्हणते, तांबड्या तोंडाच्याला ‘माकड’ म्हणून काठी घेऊन धावते, आणि शाळेतली कन्नड पोरं दोघांनाही ‘मंग’च म्हणतात. मग बरोबर कोण? बरोबर सगळेच, खरं आजी जास्त नेमकी आहे.

आपल्या खानापूरच्या रानात ही दोन वेगळी जनावरं आहेत. वानर अंगानं राखाडी, तोंड काळंकुट्ट, शेपूट अंगापेक्षाही लांब. तो मुख्यतः पाल्यावर जगतो, आणि पाला पचायला त्याच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. माकड बुटकं, डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. शेंगा तोडायच्या, गालांत कोंबायच्या आणि झाडावर जाऊन निवांत खायच्या! वानराला हे जमत नाही. गालगुंड झालं की कन्नडमध्ये त्याला ‘मंगन बावु’ म्हणतात, म्हणजे माकडाची सूज. कुणीतरी नीट बघूनच ते नाव ठेवलं असणार.

आता शब्द कुठून आले ते. ‘माकड’ आला संस्कृत ‘मर्कट’वरून, प्राकृतात त्याचं ‘मक्कड’ झालं, आणि मराठीत एक क गळून आधीचा स्वर लांबला. ‘वानर’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा. कीर्तनकार त्याची फोड करतात ‘वा नर?’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’ ऐकायला छान वाटतं, पण अभ्यासक तो शब्द ‘वन’शी जोडतात: रानातला तो वानर. मलाही तेच पटतं. हिंदीतला ‘बंदर’ म्हणजे हाच वानर, बोलता बोलता बदललेला. अमरकोशात तर माकडांच्या नावांची रांगच आहे: कपि, प्लवंग, शाखामृग, वलीमुख. वलीमुख म्हणजे सुरकुतल्या तोंडाचा. आंघोळीनंतर आरशात तोंड वेडंवाकडं करतोस ना, तेव्हा तुला हेच म्हणायला हवं.

आजी वानरावर काठी का उगारत नाही, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तो तिच्या लेखी मारुतीच्या घरचा. लंका जाळताना त्याचं तोंड भाजून काळं झालं, असं ती सांगेल. वेशीवर मारुती नाही असं गाव आपल्याकडे शोधूनच काढावं लागेल, आणि किष्किंधा म्हणून लोक जिथं जातात ते आनेगुंदीही कर्नाटकातच, तुंगभद्रेकाठी हंपीसमोर. म्हणून मराठीत दोन्ही शब्दांचा मान सारखा नाही. सेना वानरांची, चेष्टा माकडांच्या. आग लावली मारुतीनं, पण म्हण झाली ‘माकडाच्या हाती कोलीत’! बिचाऱ्या माकडावर हा अन्यायच आहे. ‘मंग’ही तिकडे शिवीसारखा वापरतात, म्हणून वर्गात जरा जपून.

मी इथं मलेशियात आहे, तिथल्या बोर्निओ बेटावर ओरांगउटान राहतात. भलेमोठे, तांबूस केसांचे, आणि शेपूट अजिबात नाही. म्हणून ते माकडही नव्हेत आणि आपलं काळतोंडं वानरही नव्हेत. चिंपांझी, गोरिला आणि गिबन हेही त्यांचेच भाऊबंद. मराठी विज्ञानात अशांसाठी ‘कपि’ हा शब्द वापरतात. कपिला गाय ऐकली आहेस ना? ती याच शब्दातून आली, कपीच्या रंगाची म्हणून कपिला. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे जंगल. म्हणजे रानमाणूसच! आपल्या कीर्तनकारांना जो माणूस वानरात दिसला, तो इथल्या लोकांनाही दिसला.

शेपूट तुझीही गेलेलीच आहे बरं. पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाला बोट लावून बघ. त्या हाडाला मराठीत माकडहाड म्हणतात. घसरून बुडावर पडलास की जिथं कळ येते, तेच ते.

एक काम कर. कन्नडमध्ये ‘मंग’शिवाय ‘कोती’ आहे, आणि काळतोंड्याला ‘मुस्या’ म्हणतात असं मी लहानपणी ऐकलंय. तुमच्या कन्नडच्या बाई कशाला काय म्हणतात ते विचार आणि रविवारी फोनवर सांग. आणि आजीला म्हणावं, काठी घेऊन पायरीवरून धावू नकोस, शेंगा गेल्या तर गेल्या.

तुझी,
आई