हृदयाच्या लयीत स्पेशलायझेशन करायचंय, पण परीक्षा कोणती?

प्रश्न : नर्सिंगची पदवी घेऊन तीन वर्षं झाली. हृदयरोग अतिदक्षता विभागात ड्युटी करते. मॉनिटरवरचे बिघडलेले ठोके वाचायला मला मनापासून आवडतं, म्हणून याच शाखेत पुढे जायचं ठरवलं आहे. पण इंटरनेटवर परीक्षा आणि ऑनलाइन कोर्स इतके दिसतात की गोंधळ उडतो. आंतरराष्ट्रीय परीक्षा लगेच देऊ का? आई म्हणते, आधी मास्टर्स कर. आमच्या सीनियर म्हणतात, हे टेक्निशियनचं काम, नर्सला तिथे काय मिळणार?

उत्तर : आधी सीनियरबाईंच्या मताचा निकाल लावू. ते मत जुनं झालं आहे. या क्षेत्रातल्या मोठ्या परीक्षा नर्सना खुल्या आहेत आणि जगात अनेक ठिकाणी हे काम नर्सच सांभाळतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याच्या विकाराच्या) रुग्णांसाठी नर्सनी चालवलेल्या क्लिनिकची चाचणी झाली होती. नर्स संगणकाच्या मदतीनं उपचारांची आखणी करायच्या, देखरेख हृदयरोगतज्ज्ञांची असायची. ७१२ रुग्णांची ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयरोगामुळे रुग्णालयात भरती व्हावं लागणं किंवा मृत्यू येणं, याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २०.८ टक्के होतं, तर नर्सच्या क्लिनिकमध्ये १४.३ टक्के.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमच्यासाठी पुढचा भागच महत्त्वाचा आहे. हाच प्रयोग पुढे आठ रुग्णालयांत केला तेव्हा एकूण फरक ठळकपणे दिसला नाही. तो दिसला फक्त अशा पद्धतीचा आधीपासून अनुभव असलेल्या केंद्रांत. ‘परीक्षा लगेच देऊ का’ याचं माझं उत्तर यातच आहे : लगेच नको. आधी कामात शिरा.

कुठल्या कामात, हे मात्र आत्ताच ठरवा, कारण ‘हृदयाची लय’ या एका नावाखाली तीन बऱ्यापैकी वेगळी कामं येतात. पहिलं पेसमेकर आणि आयसीडी (जीवघेणी लय आली की झटका देऊन ती थांबवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) यांच्या क्लिनिकचं. प्रोग्रॅमर (यंत्र बाहेरून वाचणारा संगणक) लावून बॅटरी, लीडचा म्हणजे हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा विद्युतरोध, थ्रेशोल्ड (ठोका उमटायला लागणारी किमान विद्युतऊर्जा) तपासायचा, जखमेवर लक्ष ठेवायचं, घरून आलेले रिमोट मॉनिटरिंगचे अलर्ट चाळायचे. या शेवटच्या कामाचा पसारा वाढतो आहे. जगभरातल्या हृदयलय संघटनांच्या २०२३ च्या एकत्रित निवेदनात रिमोट मॉनिटरिंगवरच्या दर १००० रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ कर्मचारी हवेत असं म्हटलं आहे.

दुसरं ईपी लॅबचं, म्हणजे हृदयातल्या विद्युतमार्गांची तपासणी आणि उपचार होतात त्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजी प्रयोगशाळेचं. ॲब्लेशन (लय बिघडवणारा भाग जाळून किंवा गोठवून निकामी करणं) चालू असताना गुंगीचं औषध, रक्त गोठण्याची वेळ (डाव्या कर्णिकेत काम असेल तर ती साधारण ३०० सेकंदांच्या वर ठेवतात), आणि रक्तदाब हळूहळू उतरायला लागला की हृदयाभोवती रक्त साठत नाही ना ही शंका. अतिदक्षता विभागात घडलेला डोळा इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. तासन्‌तास शिशाचा एप्रन घालून उभं राहावं लागतं, हे मात्र कोर्सच्या जाहिरातीत कुणी छापत नाही.

तिसरं रुग्णांशी बोलण्याचं : रक्त पातळ करणारी औषधं, आनुवंशिक लाँग क्यूटी (अचानक जीवघेणी लय आणू शकणारा विकार) निघालेल्या घरातल्या इतरांची तपासणी, आयसीडीच्या झटक्याची भीती. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाच्या आयसीडीचे झटके बंद करायचे का, हे घरच्यांशी बोलणंही यातच आलं. मला विचाराल तर यातलं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं काम हेच.

आता परीक्षा. आयबीएचआरई या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, डॉक्टर नसलेल्यांसाठीच्या परीक्षांपैकी या दोन कामांच्या दोन मुख्य परीक्षा आहेत : उपकरणांसाठी सीसीडीएस, इलेक्ट्रोफिजिऑलॉजीसाठी सीईपीएस. युरोपियन हार्ट ऱ्हिदम असोसिएशन आणि ब्रिटिश हार्ट ऱ्हिदम सोसायटी लेखी परीक्षेबरोबर लॉगबुकही मागतात, म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद. म्हणून पहिल्या दोन कामांपैकी एखादं निवडलंत तर रस्ता सरळ आहे. तिसऱ्या कामाला मात्र यांतली एकही परीक्षा नेमकी बसत नाही. तिथे हृदयरोग नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण, समुपदेशनाचं प्रशिक्षण आणि क्लिनिकमधली वर्षं हेच भांडवल.

एक गैरसमज पत्रांतून सारखा दिसतो. ही प्रमाणपत्रं ज्ञानाची पावती आहेत, परवाना नव्हेत. नर्स म्हणून तुमची नोंदणी हाच पाया, आणि पेसमेकरचं सेटिंग बदलायची मुभा तुम्हाला आहे की नाही हे तुम्ही काम कराल तिथला कायदा आणि तुमचं रुग्णालय ठरवणार. उपकरण कंपन्यांचं प्रशिक्षण चांगलं असतं, जरूर घ्या. पण ते त्यांच्याच यंत्रांपुरतं असतं, त्याला मान्यताप्राप्त परीक्षेच्या रांगेत बसवू नका. शनिवार-रविवारात ‘तज्ज्ञ’ करून सोडणाऱ्या कोर्सविषयी तर न बोललेलं बरं.

तयारी आजच्या ड्युटीवरच सुरू होते. मॉनिटरनं व्हीटीचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या धोकादायक वेगवान लयीचा) अलार्म दिला आणि रुग्ण बसून दात घासतोय, म्हणजे हाताच्या हालचालीनं अलार्म खोटाच वाजला असेल, तर पट्टीत खरे क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची उंच रेघ) कुठे लपलेत ते शोधून दाखवता येतं का? पेसमेकरवर मॅग्नेट ठेवला तर साधारणपणे तो न थांबता ठरावीक गतीनं ठोके देऊ लागतो. आयसीडीवर ठेवला तर झटके थांबतात, पण त्याचं पेसिंग बदलत नाही. हा फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा. परीक्षेत तर विचारतातच, पण रात्रीच्या ड्युटीला चुकलात तर प्रकरण गुणांवर भागत नाही.

पास झाल्यावरही वाचन सुटत नाही. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका मोजताना स्त्री असण्याचा एक गुण आपण वर्षानुवर्षं धरत आलो. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो काढून टाकला, अमेरिकेच्या २०२३ च्या तत्त्वांत मात्र तो मोजणारी जुनी पद्धत कायम आहे. तुमच्या विभागात कुठली पद्धत चालते, हे विचारून घ्या.

आईंना सांगा, मास्टर्सचा सल्ला चुकीचा नाही, त्याचा हेतू वेगळा आहे. शिकवायचं असेल, नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं असेल किंवा वर म्हटलेलं तिसरं काम हवं असेल, तर मास्टर्स घ्याच, आणि प्रबंधाचा विषय याच शाखेतला ठेवा. लॅब किंवा उपकरणांकडे ओढा असेल तर ते दोन-तीन वर्षांनी केलं तरी चालेल.

तोवर इन्चार्ज सिस्टरकडे उपकरण क्लिनिकमधली किंवा ईपी लॅबमधली पोस्टिंग लेखी मागा. एकदा नाही म्हणाल्या तर पुढच्या रोटेशनला पुन्हा मागा. पोस्टिंग मिळाली की पहिल्या दिवसापासून वही ठेवा : तारीख, केसचा प्रकार, तुम्ही नेमकं काय केलंत, देखरेख कुणाची होती. रुग्णाचं नाव लिहू नका. आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची सही त्याच आठवड्यात घ्या, वर्षभरानं मागायला जाल तेव्हा ते डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयात गेलेले असतात.